सुवार्ताबाई मृदुभाषी नव्हत्या

सुवार्ताबाई गायकवाड गेल्या, त्यानंतर चर्चमध्ये त्यांच्या स्मरणार्थ उपासना झाली. आमचे नवे पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहून म्हणाले, "आपल्या या भगिनी अत्यंत मृदुभाषी होत्या. आयुष्यात त्यांनी कुणालाही दुखावलं नाही."

मी तिसऱ्या बाकावर होते. शेजारी बसलेल्या बाईने माझं मनगट घट्ट धरलं, कारण मी उठून काहीतरी बोलेन अशी तिला भीती वाटली. तिची भीती रास्त होती.

पाळकसाहेबांना मी दोष देत नाही. ते नाशिकला आले तेव्हा बाई आधीच अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना बाईंचा आवाज म्हणजे धापा टाकत बोललेली चार वाक्यं, एवढंच ठाऊक. मला राग आला तो बाकीच्यांचा. ज्यांना बाईंनी भर सभेत ओरडून गप्प केलं होतं, ज्यांची गाठोडी परत पाठवली होती, ते सगळे जण माना डोलावत होते. कुणी रुमालाने डोळे टिपत होतं. जिवंत होत्या तेव्हा त्यांची भीती वाटायची. आता त्यांना मऊ करून, छान चौकटीत बसवून भिंतीवर टांगायचं होतं, म्हणजे पुन्हा कुणाला त्रास नको.

मी त्या दिवशी गप्प राहिले, शांत मात्र झाले नाही. म्हणून हे लिहिते आहे.

बाई आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. शरणपूर रोडवरच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घरापासून दोन दारं सोडून. अंगकाठी उंच, रंग सावळा, आणि चालणं असं की सोबत जाणाऱ्याला मधूनमधून पळावं लागे. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट हा वेष त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडला नाही. चर्चला येतानाही तेच बूट. गळ्यात शिट्टी मात्र रविवारी नसायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एकदा माझ्या आईने विचारलं तर म्हणाल्या, "कुणी विचारलंच नाही. ज्याने विचारलं त्याला मी नको म्हटलं."

आवाज खणखणीत. मैदानाच्या या टोकाला उभ्या राहून त्या टोकाच्या मुलीला "पाठ सरळ!" म्हणाल्या की रस्त्यावरून जाणारे लोकही पाठ सरळ करायचे. स्वयंपाक त्यांना येत नसे. भात गिचका, वरण पाणी. पण विंचूरहून त्यांचा पुतण्या कांद्याचं पोतं घेऊन आला की त्या अंगणात फतकल मारून बसत आणि पोतं ओतून कांदे निवडत. घट्ट, चकचकीत, एकसारखे कांदे एका बाजूला. कोंब आलेले, दबलेले दुसऱ्या बाजूला. चांगले पिशव्यांत भरून गल्लीत वाटायच्या. कोंबवाले स्वतः खायच्या.

"बाई, उलटं करा की," आई म्हणायची. "आम्हाला काय, आम्ही कसलेही खाऊ."

"कसलेही खायला तुम्ही काय उकिरडा आहात?" बाई म्हणायच्या.

हे त्यांचं देणं. त्यात गोडवा नव्हता. पिशवी दारात ठेवायच्या आणि आभार मानायच्या आत निघून जायच्या. कुणी "देव तुमचं भलं करो" म्हणालं तर मागे न बघता म्हणत, "त्याचं तो बघेल, तुम्ही कांदे वाळवा."

शाळेतली एक गोष्ट सांगते. नव्या वर्षाच्या सुरुवातीला कुणा दात्याकडून शाळेला गणवेश मिळाले. मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं की कार्यक्रम करायचा. पाहुणे येणार, 'गरजू विद्यार्थिनीं'ची नावं माईकवर पुकारणार, एकेक मुलगी स्टेजवर जाणार, पाहुण्यांच्या हातून गणवेश घेणार, वाकून नमस्कार करणार. सगळी शाळा टाळ्या वाजवणार. त्या नावांत माझंही नाव होतं. वडिलांची गिरणीतली नोकरी गेली होती. आदल्या संध्याकाळी मी आईला म्हटलं की मला ताप आहे. आईने कपाळाला हात लावला, ताप नाही हे तिला कळलं, आणि ती तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. हार झाले, भाषणं झाली. मग नावं पुकारायला सुरुवात झाली, आणि ओळींत त्या मुली नव्हत्याच. पहिलं नाव, कुणी नाही. दुसरं नाव, कुणी नाही. आम्ही सगळ्या जणी मागच्या मैदानावर होतो. बाई आम्हाला रिलेचा सराव देत होत्या. शिपाई धावत आला.

"बाई, मोठ्या बाईंनी बोलावलंय. पाहुणे थांबलेत."

"सांग, मुली पळतायत."

"पण त्यांचे कपडे..."

"कपडे कुठे पळून जातायत का? मुली पळतायत त्यांना पळू दे."

बाईंना त्याबद्दल लेखी समज मिळाली. त्यांनी ती दुमडून पर्समध्ये टाकली आणि पुढे दोन-तीन आठवडे दर संध्याकाळी एकेका मुलीच्या घरी चालत गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा आईकडून चहा मागून घेतला. साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. माझ्या भावाला दोन बैठका मारायला लावल्या. जाताना एक पुडकं कॉटवर ठेवून म्हणाल्या, "शाळेचं आहे. सगळ्यांना मिळतं. मापात नसेल तर टाके घाला." आई दारापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा त्या तापाच्या संध्याकाळचा नव्हता. माणसाला कपडे द्यायचे तर आधी त्याच्या अंगावरची लाज ओरबाडून काढायची, ही कुठली रीत? तेव्हा हा प्रश्न मला मांडता आला नसता. बाईंना मांडता येत होता, आणि त्या तो कुठेही मांडत.

निवृत्तीनंतर त्या संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवू लागल्या आणि चर्चच्या स्त्री मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. मंडळातर्फे दर नाताळाआधी डोंगराकडच्या गावांसाठी कपडे गोळा होत. वर्षानुवर्षं गाठोडी येत, तशीच टेम्पोत चढत, तशीच जात. बाईंनी पहिल्याच वर्षी ती चर्चच्या हॉलमध्ये मांडून सोडायला लावली. सगळ्या बायका गोलाकार बसलेल्या. बाईंनी पहिल्या गाठोड्यात हात घातला आणि एक ब्लाउज वर धरला. हुक एकही नव्हता, काखेत पिवळा डाग. मग एक परकर, खालून जळलेला. मग एक पायमोजा.

"एकच?" बाईंनी विचारलं. "एकाच पायाचा माणूस शोधायचा का आता?"

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"हे कुणासाठी आणलंय?"

"गरिबांसाठी, बाई," एक जण म्हणाली.

"नाव काय त्यांचं?"

"आता नाव कसं..."

"प्रभू उद्या सकाळी तुझ्या दारात उघडा उभा राहिला तर त्याला हा परकर देशील? नाही ना? मग आत जाऊन कपाटातलं काढशील. ते आण. हे परत ने आणि फरशी पुसायला घे." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "देताना थोडं दुखलं पाहिजे गं. काहीच दुखलं नाही तर ते दान नाही, ती घराची साफसफाई."

निम्म्या बायका रागाने निघून गेल्या. एकीने तर वर्षभर चर्चमध्ये भेटल्यावर बाईंना 'सलाम'ही केला नाही. त्या वर्षी टेम्पोऐवजी कपडे एका रिक्षात मावले. पण सगळे धुतलेले, इस्त्री केलेले, गुंड्या असलेले. बाईंनी त्यांत आपला नवा निळा स्वेटर ठेवला होता. पुतण्याने घेतलेला, अंगावर चांगला दिसायचा, आणि त्यांनाही तो फार आवडायचा. त्या थंडीत त्या जुनी शाल पांघरून फिरल्या आणि सगळ्यांवर खेकसत राहिल्या. मला वाटतं, स्वेटरची आठवण येत असावी. आवडतं ते देऊन टाकलं की माणूस लगेच हसतमुख होतो, असं कुणी सांगितलं? बाई तरी होत नसत.

आता त्रिभुवनसाहेबांबद्दल सांगायला हवं. प्रभाकर त्रिभुवन आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी. बांधकामाचा धंदा, गंगापूर रोडला मोठा बंगला. हात सढळ, चर्चचे पंखे त्यांचे, माईक त्यांचा, नवी बाकंही त्यांचीच. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर त्यांच्या वडिलांचं नाव रंगवलेलं. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होई. बाई म्हणत, "म्हणूनच मला उन्हाळा आवडतो."

एका वर्षी साहेबांनी ब्लँकेटं दिली. हरसूलच्या पुढे, डोंगरात आत एक वस्ती आहे, तिथे वाटायची होती. आम्ही बसने गेलो, साहेब त्यांच्या गाडीने. गावातल्या लोकांना सकाळी लवकरच बोलावून शाळेपुढच्या पटांगणात रांगेत उभं केलं होतं. पण बॅनर मागच्या गाडीत राहिला होता, आणि फोटोवाला त्र्यंबकला चहा प्यायला थांबला होता. ब्लँकेटांचा ढीग समोर, लोक समोर, आणि वाटप सुरू होईना. म्हाताऱ्या माणसांना उन्हात ताटकळत ठेवलेलं. बाईंनी दोनदा विचारलं, "का थांबलोय?" दोनदा उत्तर मिळालं, "बॅनर येतोय."

शेवटी बॅनर आला, फोटोवाला आला. रांगेत पहिली एक वाळलेली म्हातारी होती. साहेबांनी तिच्या हातात ब्लँकेट दिलं. तिने ते छातीशी धरलं आणि ती वळली. फोटोवाला ओरडला, "आजी, थांबा! नीट नाही आला. परत एकदा." कुणीतरी तिच्या हातातून ब्लँकेट काढून घेतलं आणि साहेबांच्या हातात दिलं. म्हातारीला काहीच कळलं नाही. तिला वाटलं, परत घेतलं. ती रिकाम्या हातांकडे बघत म्हणाली, "नाय देयाचं व्हतं तर बोलावलं कशाला?"

"घ्या, आजी, घ्या. इकडे बघा. हसा जरा."

मी बाईंच्या बाजूलाच उभी होते. त्यांचा श्वास मला ऐकू आला. पुढच्या क्षणी बाई म्हातारीच्या शेजारी जाऊन उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून, डोक्यावर पदर घेऊन.

"प्रभाकर, मला दे."

"बाई, हे काय?"

"मला थंडी वाजते. दे ना. फोटो नीट येऊ दे. मी हसते." आणि त्या खरंच हसल्या, सगळे दात दाखवून. फोटोवाल्याने सवयीने बटण दाबलं. त्या फोटोत त्रिभुवनसाहेब ब्लँकेट देताहेत आणि सुवार्ताबाई घेताहेत. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा आहे.

मग बाईंनी ते ब्लँकेट म्हातारीच्या खांद्यावर टाकलं, गावकऱ्यांना सावलीत बसायला सांगितलं आणि आम्हा बायकांना बजावलं, "त्यांना उठवायचं नाही. आपण जायचं त्यांच्याजवळ. नाव विचारायचं, मग द्यायचं." आम्ही तसं केलं. वेळ लागला. साहेब गाडीत जाऊन बसले होते.

त्या म्हातारीने निघताना बाईंना हाताला धरून घरी नेलं. मी मागोमाग गेले. तिने नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. आमच्यातली एक जण बाईंच्या कानात पुटपुटली, "खाऊ नका हो, त्यांनाच पुरत नसेल."

बाई तिच्याकडे असं बघू लागल्या की ती बिचारी मागे सरकली. "तिच्याकडे देण्यासारखं काही नाही, हे तू कोण ठरवणार?" असं म्हणून बाईंनी भाकरी खाल्ली, आणि आणखी अर्धी मागून घेतली. म्हातारीचा चेहरा उजळला. पटांगणात फोटोवाल्याला हवं होतं ते हसू इथे चुलीपुढे होतं, आणि ते टिपायला कुणी नव्हतं.

पुढच्या वार्षिक सभेत साहेबांच्या कमिटीने बाईंना स्त्री मंडळातून आणि संडे स्कूलमधून काढलं. काढलं असं कुणी म्हणालं नाही. म्हणाले, "बाईंचं वय झालं, त्यांनी खूप सेवा केली, आता त्यांना विश्रांती मिळावी." फुलांचा गुच्छ दिला. माणसाला बाहेरचा रस्ता दाखवताना हातात फुलं द्यायची ही आमच्या लोकांची हुशारी! मी चिडून बोलायला उठले तर बाईंनीच मला खाली बसवलं. गुच्छ घरी नेला, फुलं सोडवून पाण्यात ठेवली आणि म्हणाल्या, "फुलांचा काय दोष?" पण मुलांना शिकवायला मिळणार नाही याचं त्यांना फार लागलं. दर रविवारी उपासनेआधी त्या संडे स्कूलच्या खोलीबाहेर उगाच बुटाची नाडी बांधत थांबत, आतली गाणी ऐकत. ते बघवत नसे.

पुढे त्रिभुवनसाहेबांच्या आईला अर्धांगवायू झाला. लीलाबाई म्हणजे चर्चमध्ये वर्षानुवर्षं बाईंच्या बाकावर बसणारी, थोडी भोळसट, खूप गोड म्हातारी. साहेबांनी काही कमी केलं नाही. हॉस्पिटलचा असतो तसला पलंग आणला, देखभालीला बायका ठेवल्या. पण त्या टिकेनात. सूनबाई नोकरीला. कमिटीचे लोक जाऊन प्रार्थना करून, चहा पिऊन येत. आणि एक दिवस आम्हाला कळलं की सुवार्ताबाई रोज सकाळी चालत गंगापूर रोडला जातात, लीलाबाईंना अंघोळ घालतात, भरवतात, कुशीवर वळवतात.

मला ते आवडलं नाही. मी स्पष्ट म्हटलं, "ज्या माणसाने तुम्हाला घालवलं त्याच्या घरी?"

"मी त्याच्या घरी जात नाही. लीलाकडे जाते."

काही आठवड्यांनी मात्र त्या एकाएकी जायच्या थांबल्या. दुपारी मी घरी डोकावले तर पायरीवर बसलेल्या. डोळे लाल. मला वाटलं, त्या बंगल्यात कुणी अपमान केला असेल. मी विचारलं.

"कुणी काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "शीला, मी खोटी आहे."

"काहीतरीच काय!"

"काल तिला पुसत होते. बाहेर त्याच्या गाडीचा आवाज आला. आणि मी काय केलं माहितेय? हातातलं झालेलं काम पुन्हा सुरू केलं. कोरडी पाठ पुन्हा पुसायला घेतली. का? त्याने आत यावं आणि मला बघावं म्हणून. मला मंडळातून काढणाऱ्याने बघावं, मी त्याच्या आईची घाण काढते ते." त्यांनी कपाळावर हात मारला. "लीला थंडीने कुडकुडत होती गं. तिला तसंच उघडं ठेवलं मी. त्याच्या फोटोत आणि माझ्या अंघोळीत फरक काय राहिला?"

त्यांनी जगावर जेवढा राग केला होता, तो सगळा त्या दुपारी त्या स्वतःवर काढत होत्या. मी म्हटलं, "मग आता जाणार नाही?"

"तिला कोण भरवील? जाणार. पण आधी मला नीट होऊ दे."

दोन-तीन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग पुन्हा जाऊ लागल्या, पण साहेब साइटवर गेल्यानंतर, आणि मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने. साहेब लवकर घरी आलेच तर बाई त्याच दाराने निघून येत. लीलाबाई जाईपर्यंत हे चाललं. शेवटचे काही दिवस लीलाबाई कुणाला ओळखत नव्हत्या. बाईंना त्या आपली आई समजत आणि 'आये' म्हणत. बाई ओ देत.

लीलाबाईंच्या स्मरणार्थ बंगल्याच्या अंगणात मांडव घालून जेवण होतं. साहेबांनी माईकवर सांगितलं की आईच्या नावाने 'आदर्श सेवा पुरस्कार' सुरू करत आहोत, पहिला मान सुवार्ताबाईंना. काचेचं मानचिन्ह, शाल, पुन्हा फोटोवाला. टाळ्या. बाई जागच्या उठल्या नाहीत. दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर उठल्या, आणि स्टेजकडे न जाता मांडवाच्या मागे, जिथे आचारी भात काढत होते तिकडे गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. थोड्या वेळात साहेब आले. चेहरा लालबुंद.

"बाई, चारशे माणसांत अपमान केलात माझा. माझं काय चुकलं ते तरी सांगा. आईसाठी मी काय कमी केलं? पलंग आणला, गादी आणली, तीन-तीन बायका ठेवल्या."

"सगळं आणलंस," बाई म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. पण आवाज हळू होता. "तू आला नाहीस."

"म्हणजे?"

"दुपार झाली की ती घाबरायची. का ते मला ठाऊक नाही. रोज विचारायची, पभ्या आला का? मी सांगायचे, येतोय. खोटं सांगायचे, प्रभाकर. तू बाहेरच्या खोलीत येऊन माणसांशी बोलायचास. तिला तुझा आवाज कळायचा. ती दाराकडे बघत राहायची, आणि तू परत जायचास."

साहेब म्हणाले, "मला तिला तसं बघवत नव्हतं."

"तिला तू दिसत नव्हतास."

भाताची वाफ मधे येत होती. माझ्या मनात आलं, बरं झालं, मिळालं एकदाचं. बाईंकडे बघितलं तर त्या रडत होत्या. मला हवा होता तो विजय त्यांना नको होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ते काचेचं ने आत. आणि लोकांना वाढ, भात गार होतोय." ते गेले. स्वतः वाढलं का, ते मी बघितलं नाही. मी बाईंना घेऊन घरी आले.

बाईंचं हृदय कधीपासूनच मोठं झालं होतं म्हणे. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे बघून तसं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "झालं, आता हेही लोक भाषणात वापरतील." पाय सुजू लागले, चालणं बंद झालं. विंचूरचा पुतण्या न्यायला आला, त्या गेल्या नाहीत. गल्लीतल्या आम्ही बायका वाटून करत होतो. त्या आमच्यावर ओरडत, चहात साखर कमी म्हणून, चादर ताणून घातली नाही म्हणून. शेवटी शेवटी ओरडायला श्वास पुरत नसे, मग नुसते डोळे वटारत. पाळकसाहेबांना त्या भेटल्या त्या अशा.

मी त्यांना नीट बोलताना शेवटचं बघितलं, ती दुपार सांगते आणि थांबते. त्यांच्यासाठी पेज घेऊन मी गेले. दार नुसतं लोटलेलं. बाहेर गाडी नव्हती, फक्त एक जोडी पुरुषी चपला. खिडकीतून बघितलं आणि मी पायरीवरच थबकले.

बाई खुर्चीत टेकून बसल्या होत्या. समोर जमिनीवर त्रिभुवनसाहेब मांडी घालून बसले होते. पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. बाईंचा सुजलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला होता आणि ते त्यांची नखं कापत होते. सवय नव्हती हे लगेच दिसत होतं. नेलकटर धरण्याची पद्धतच चुकीची.

"आई गं! हळू. बोट आहे ते."

"चुकलं, बाई."

"काही आणलं नाहीस ना आज?"

"नाही."

"बरं केलंस. आता हे अंगठ्याचं. जाड आहे, घाई करू नकोस."

"बाई," ते मान खाली घालूनच म्हणाले, "आईच्या पायांची नखं कोण कापायचं?"

बाईंनी वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून हात लांब करून साहेबांच्या डोक्यावर ठेवला, पी.टी.च्या तासाला रांगेतल्या मुलीची मान सरळ करताना ठेवत तसा, जरा जोरातच.

"काप तू," त्या म्हणाल्या.

त्या माणसाबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पंख्यांवरची नावंही अजून तशीच आहेत. पण त्या दुपारी मला आत जाववेना. पेजेचं भांडं दाराशी ठेवून, चपलांचा आवाज होऊ न देता मी परत फिरले. माझ्या दाराशी पोचले तरी बाईंचा आवाज ऐकू येत होता.

"अरे, दुसऱ्या पायाची कोण कापणार?"